वाघ्याला घालवून माकडताप जाणार नाही

प्रश्न : आम्ही दोडामार्ग तालुक्यात राहतो. घराला लागून काजूची बाग, त्याच्या वर डोंगर. दोन गावठी कुत्रे आहेत. वाघ्या चार वर्षांचा, वजन साधारण १८ किलो. चिमी सात महिन्यांची. दोघंही आमच्याबरोबर बागेत येतात, मधेच रानात पळतात आणि अंगभर गोचीड घेऊन परततात. पंधरा दिवसांपूर्वी डोंगरावर एक माकड मेलेलं दिसलं, ते आरोग्य केंद्रात कळवलं आहे. आता वाडीतले लोक म्हणतात, कुत्रेच माकडताप घरात आणतात, त्यांना लांब कुठेतरी सोडून या. पुण्याचा मुलगा म्हणतो, डासांमुळे कुत्र्यांना डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल असलंही काही होतं, दोघांचं रक्त तपासून घ्या. आजवर आम्ही गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने बादलीत टाकून कुत्र्यांना चोळत होतो आणि कानातल्या गोचिडांवर रॉकेलचा बोळा लावत होतो. आम्ही काय करावं? – एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, आधी तीन गोष्टी. कुत्र्यांना कुठेही सोडू नका. रॉकेल आणि अंदाजाने कालवलेलं औषध आजपासून बंद करा. रक्ततपासणीची घाई करू नका. आता कारणं.

कुत्रा अंगावरून गोचीड आणतो, हे वाडीकरांचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून कुत्रा माकडताप, म्हणजे गोचिडातून माणसाला होणारा हा विषाणूचा ताप, पसरवतो असं होत नाही. डास किंवा गोचीड एखाद्या प्राण्याचं रक्त पितो तेव्हा त्या रक्तात विषाणू पुरेशा प्रमाणात असेल, तरच तो डास किंवा गोचीड पुढे रोग देऊ शकतो. हे प्रमाण गाठणारे प्राणी प्रत्येक रोगात ठरलेले असतात. जपानी मेंदूज्वरात डुकरं आणि बगळे, ढोकरी यांसारखे पाणपक्षी. वेस्ट नाईलमध्ये पक्षी. शहरातल्या डेंग्यूत माणूसच. माकडतापात माकडं आणि उंदीर, चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी. कुत्रा यांपैकी कुठेच नाही. कुत्र्यांना मुद्दाम जपानी मेंदूज्वराचा विषाणू टोचून पाहिलं आहे; ती आजारी पडली नाहीत, त्यांच्या रक्तात विषाणू सापडला नाही, पण प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, मात्र तयार झाली. वेस्ट नाईलमध्ये कुत्र्याच्या रक्तात विषाणू थोडा आणि थोडेच दिवस दिसतो, डासाला लागण होण्याइतका नाही. म्हणजे कुत्र्याला डास चावतो, विषाणू आत जातो, शरीर त्याचा बंदोबस्त करतं आणि साखळी तिथेच संपते.

माकडतापाचा विषाणू प्रथम हाती लागला तो १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो ओळखला. २०१२ पासून तो कर्नाटकातल्या जुन्या पट्ट्याबाहेर दिसू लागला : बंदीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी, २०१६ मध्ये तुमच्याच तालुक्यातलं केर. त्याचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा हा रानगोचीड. त्याचं चक्र एकदा समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं यांचं रक्त पितात. त्यांतल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू असेल, तर तो पिल्लात शिरतो आणि कात टाकल्यावरही टिकतो. कात टाकून आठ पायांचं दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू होतं, खसखशीच्या दाण्याएवढं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत माणसाला चावतं ते हेच, आणि काजूचा हंगामही नेमका तेव्हाचा. पूर्ण वाढलेला गोचीड पावसाच्या सुमाराला मोठ्या जनावरांवर, मुख्यतः गुरांवर चढतो. गुरं विषाणू वाढवत नाहीत, गोचिडांची संख्या वाढवतात.

वानर किंवा तांबड्या तोंडाचं माकड या तापाने मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड तिथेच खाली पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पाल्यात, उतरतात. मेलेल्या माकडाभोवतीची जागा त्यामुळे सगळ्यात धोक्याची. तुम्ही कळवलंत ते उत्तम केलंत. आरोग्य खात्याची फवारणी झाली तरी या हंगामात त्या बाजूला कुणी जाऊ नये. चिमी आणि वाघ्या तर अजिबात नाही, कारण कुत्रा वास घेत थेट तिथेच पोचतो.

मग घरात गोचीड येण्याची वाट कोणती? कुत्रा ही एक. पण गोठ्यात अंथरायला किंवा भाजावळीसाठी (शेत भाजायला) रानातून आणलेला पातेरा ही त्याहून मोठी. कुत्र्याच्या अंगावर चिकटलेला गोचीड निदान कुठेतरी रोवून बसलेला असतो, त्याला पकडता येतं. पातेऱ्याच्या भाऱ्यात उपाशी पिल्लं मोकळी असतात आणि तो भारा आपण डोक्यावरून आणतो. वाडीत चर्चा करायची असेल, तर या हंगामात त्या डोंगराचा पातेरा कुणी आणू नये, यावर करा. आणलेला ढीग खळ्यात ठेवू नका, घरापासून लांब ठेवा.

आणखी एक. घराच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या पोत्याखाली गोचीड चढताना दिसत असतील, तर ते बहुधा रानगोचीड नव्हेत. तो तपकिरी कुत्रागोचीड. तिन्ही अवस्था कुत्र्यावरच काढतो, भिंतीच्या भेगांत अंडी घालतो आणि एक मादी हजारो अंडी देते. रानगोचिडाला पातेऱ्यातला ओलावा लागतो. कुत्रागोचिडामुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात; ते विषाणूचे नव्हेत, पण गावठी कुत्रे मरतात ते याने. वाघ्या खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. दोन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. ताप उतरला म्हणून आठवड्यात थांबवलं तर आजार उलटतो.

आता मुलाचा प्रश्न. रक्त तपासून काय कळतं? एकट्या वाघ्याच्या रक्तातून तुमच्या उपयोगाचं जवळजवळ काहीच नाही. चार वर्षांच्या कुत्र्यात प्रतिपिंडं सापडली, तर या चार वर्षांत कधीतरी लागण झाली एवढंच कळेल. तो आजारी आहे किंवा त्याच्यापासून धोका आहे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि माकडताप हे सगळे फ्लॅव्हीव्हायरस, म्हणजे एकाच घराण्यातले विषाणू. साध्या एलायझा चाचणीत एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याची वाटू शकतात. नेमका कोणता विषाणू, हे ठरवायला न्यूट्रलायझेशन चाचणी लागते. ती विषाणूवर काम करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत होते, तालुक्याच्या लॅबमध्ये नाही. माणसांसाठीचं डेंग्यूचं किट कुत्र्यावर वापरून कुणी निकाल दिला, तर त्यावर पैसे घालवू नका. त्यातली आयजीएमची (ताज्या लागणीत आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) पट्टी माणसाची प्रतिपिंडं ओळखायला बनवलेली असते.

पण पुष्कळ कुत्र्यांचं रक्त एकत्र पाहिलं तर चित्र बदलतं, आणि या विषयाचं खरं महत्त्व तिथे आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाईल पहिल्यांदा आला तेव्हा तिथल्या कुत्र्यांची तपासणी झाली, सुमारे ५ टक्क्यांत प्रतिपिंडं मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात स्लायडेल गावी माणसांत साथ चालू असताना कुत्र्यांचं रक्त घेतलं, तर जवळपास दर चौथा कुत्रा बाधित निघाला. घरातच राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा कायम बाहेर असणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. जपानमध्ये माणसांत मेंदूज्वर आता क्वचित दिसतो, तो लसीमुळे. तरी तिथल्या कुत्र्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात प्रतिपिंडं सापडली, बाहेर बांधलेल्यांत अधिक. म्हणजे डास आणि विषाणू दोन्ही गावात आहेत; माणसं वाचली आहेत ती लसीच्या आधाराने. रुग्णांची यादी पाहून हे कधीच कळलं नसतं.

कुत्राच का? तो आपल्या घराभोवती राहतो, आपल्याला चावणारे डास आणि गोचीड त्याला चावतात, आपल्यापेक्षा जास्त चावतात, आणि त्याला लस दिलेली नसते. माणूस मुंबईला जाऊन येतो, लागण कुठे झाली हे सांगता येत नाही. कुत्र्याची हद्द ठरलेली असते.

यात सगळ्यात मोलाचं रक्त वाघ्याचं नाही, चिमीचं. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लात तीन-चार महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून त्याआधीचं रक्त फसवं. सात महिन्यांच्या चिमीत खात्रीने प्रतिपिंडं सापडली, तर ती तिचीच, आणि लागण तिच्या आयुष्यातली, म्हणजे याच हंगामातली किंवा फार तर त्याच्या थोडी आधीची. पशुसंवर्धन किंवा आरोग्य खात्याचं पथक पाहणीला आलं, तर सहा महिने ते दीड वर्ष वयाचे कुत्रे पुढे करा आणि वय अंदाजाने न सांगता आठवून सांगा. वयाशिवाय नमुन्याची निम्मी किंमत जाते.

नमुने किती, हेही विचारा. एका वाडीतले ३० कुत्रे तपासले आणि एकही बाधित निघाला नाही, तरी प्रत्यक्षात १० टक्क्यांपर्यंत बाधित असू शकतात. ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागलं की हा अंदाज येतो. पाच कुत्रे तपासून ‘इथे विषाणू नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते धरून चालू नका.

तुम्हाला स्वतःला करता येण्याजोगी पाहणी याहून सोपी आहे. एका वहीत रोज संध्याकाळी तारीख, कुत्रे कोणत्या बाजूला गेले आणि दोन्ही कानांवर व मानेवर मिळून किती गोचीड सापडले, एवढंच लिहा. दररोज त्याच जागा मोजा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत कोणत्या वाटेने गेल्यावर आकडा चढतो ते दिसेल. काजूचे बोंडू गोळा करायला माणसांनी कुठून जायचं, हे त्या वहीवरून ठरवा, आणि आरोग्य सेविका आली की तिला दाखवा.

आता औषधं. इथे लोक एक चूक सर्रास करतात. महाग गोळी दिली, आता काळजी मिटली, असं समजतात. अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर (महिन्याला एक) किंवा फ्लुरालॅनर (गोचिडाच्या जातीप्रमाणे आठ ते बारा आठवडे) या गोळ्या चांगल्याच आहेत, पण गोचीड चावून रक्त प्यायल्यावर मरतो. मरायला काही तास ते एक दिवस जातो. तोवर तो कुत्र्याबरोबर पडवीत आलेला असतो, आणि अजून न चावलेला असेल तर उतरून फिरूही शकतो. विषाणूच्या बाबतीत गोळी कुत्र्यालाही पूर्ण वाचवत नाही. माकडतापाच्याच घराण्यातला युरोपातला गोचीड-मेंदूज्वर गोचिडाच्या लाळेतून काही मिनिटांत अंगात जातो, आणि त्याने तिथली कुत्री खरोखर आजारी पडतात. एर्लिकिया, बबेसिया यांना मात्र चावल्यानंतर जास्त वेळ लागतो, तिथे गोळीचा फायदा मोठा. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला या गोळ्या पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका.

म्हणून तुमच्यासारख्या घरी पट्टा आधी, गोळी नंतर. डेल्टामेथ्रिनचा पट्टा गोचीड, डास आणि वाळूमाशी यांना चावण्याआधीच दूर ठेवतो. पूर्ण परिणाम यायला आठवडाभर लागतो, त्यामुळे तो पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बांधा. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील इतपत घट्ट, जास्तीचं टोक कापून टाका, नाहीतर चिमी ते चघळेल. घरात मांजर असेल तर पट्टा घेण्याआधी पशुवैद्यकाला तसं सांगा. या गटातली औषधं, विशेषतः परमेथ्रिन, मांजराला विषारी असतात.

पट्टा परवडत नसेल तर अमिट्राझ. १२.५ टक्क्यांच्या बाटलीतलं २ मिली औषध १ लिटर पाण्यात. ५ लिटरला १० मिली. सुई काढलेल्या सिरिंजने मोजा, झाकणाने नाही. आधी कुत्र्याला साध्या साबणाने धुऊन कोरडं करा. मग हातमोजे घालून मानेपासून शेपटीपर्यंत स्पंजाने केसांच्या मुळाशी लावा, बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या बाहेरच्या बाजूलाही. डोळे आणि तोंड टाळा. धुऊ नका, सावलीत वाळू द्या, वाळेपर्यंत चाटू देऊ नका. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा. चार महिन्यांखालच्या पिल्लाला आणि मधुमेह असलेल्या कुत्र्याला हे नको. लावल्यावर कुत्रा सुस्त पडला, लडखडू लागला, अंग गार लागलं तर मात्रा जास्त झाली आहे. कोमट पाण्याने अंग धुऊन तडक दवाखाना. आजवर अंदाजाने कालवत होतात, त्यात दोन्ही धोके होते : जास्त पडलं तर विषबाधा, कमी पडलं तर फक्त दुबळे गोचीड मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला टोचू नका. ते गुरांच्या वजनासाठी बनवलेलं, आणि काही जातींच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचतं. माणसांना लावायचं डीईपीए किंवा डीईईटी तेलही कुत्र्यांना नको.

बागेतून परतल्यावर दोघांना पडवीच्या बाहेरच थांबवा. उजेडात, हातमोजे घालून, कानाच्या आत-बाहेर, पापण्यांभोवती, मानेवर, पुढच्या पायांच्या काखेत, बोटांच्या बेचक्यात, जांघेत, शेपटीखाली बोटं उलट्या दिशेने फिरवत तपासा. गोचीड दिसला की टोकदार चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरायचा आणि सरळ, एकसारख्या ओढीने वर काढायचा. झटका नको, पिळणं नको. रॉकेल, चुना, पेटती काडी यांनी डिवचला तर तो चावल्या जागी आतलं द्रव ओकण्याची भीती असते. चिरडायचा तर मुळीच नाही. फुटलेल्या गोचिडातला विषाणू बोटावरच्या जखमेतून आत जाऊ शकतो. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. नंतर साबणाने हात.

कुत्र्यांचं पाण्याचं भांडं रोज बदलता ना? आठवड्यातून एकदा ते आतून घासा. एडिस डासाची अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात. वाळली तरी महिनोन् महिने टिकतात. डेंग्यूच्या बाबतीत कुत्र्यापेक्षा त्याचं भांडं जास्त धोक्याचं.

वाडीकरांना हेही सांगा की पाळलेलं जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि उद्या वाघ्या नसला तरी रानात उंदीर, चिचुंद्र्या, माकडं आणि गोचीड तसेच राहतील.

तुम्ही स्वतः बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांना लावा. पातेऱ्यावर बसू नका. परतल्यावर कपडे गरम पाण्यात घाला, साबणाने अंघोळ करा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मान, कानामागे व पाठ तपासून घ्या.

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ आणि अंग असह्य दुखणं, डोळे लाल, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यांतलं काही दिसलं तर दुकानातून गोळी आणून वाट बघू नका. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पहिल्याच वाक्यात सांगा : काजूच्या बागेत काम करतो, डोंगरावर माकड मेलं होतं, अमुक तारखेला गोचीड काढला. ही तारीख तुमच्या वहीत असेलच. आरटीपीसीआरसाठी रक्त पहिल्या आठवड्यातच घ्यायला लावा. नंतर रक्तातला विषाणू कमी होतो आणि मग आयजीएम चाचणीवर अवलंबून राहावं लागतं. ताप उतरल्यावरही दोन आठवडे लक्ष ठेवा. दहातल्या एक-दोन रुग्णांना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो, आणि त्या वेळी तीव्र डोकेदुखी, हात थरथरणं किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा.